फिल्टर निरुपद्रवी नसतो

पॉवर सप्लाय बनवणाऱ्या आपल्या भोसरी-चाकणच्या मंडळींत एक समज घट्ट बसला आहे: इनपुट फिल्टर जितका मोठा आणि त्यातला रोध जितका कमी, तितकं सर्किट उत्तम. युक्तिवाद असा, की चोक आणि कपॅसिटर स्वतः ऊर्जा निर्माण करत नाहीत, मग ते अस्थिरता कुठून आणणार? स्विचिंग कन्व्हर्टर तुकड्यातुकड्यांनी करंट ओढतो, गाडीतल्या युनिटचा त्यातून येणारा नॉइज एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचणीत पकडला जातो, म्हणून फिल्टर हवाच. इथवर वाद नाही. चूक पुढे आहे.

रेग्युलेटेड कन्व्हर्टर पॉवर कायम राखतो. ४८ व्होल्टवर ९६ वॉट घेणारं युनिट २ अँपिअर ओढतं. व्होल्टेज ४० वर उतरलं की २.४ अँपिअर. व्होल्टेज घटताना करंट वाढतो, म्हणजे लहान बदलांपुरता हा भार ऋण रोधासारखा वागतो: ४८ चा वर्ग भागिले ९६, उणे २४ ओम. त्यापुढे १०० मायक्रोहेन्रीचा, ०.१ ओम रोधाचा चोक आणि १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. सुमारे ५ किलोहर्ट्झला रेझोनन्स येतो आणि फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओमपर्यंत, म्हणजे त्या २४ ओमच्या कितीतरी वर चढतो. फिल्टर जिरवतो त्याहून जास्त ऊर्जा कन्व्हर्टर त्या दोलनाला पुरवतो. चोक शीळ घालू लागतो. लोक दोष मात्र कंट्रोलर आयसीला देतात.

कॅलटेकचे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच निकष मांडला: फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सपेक्षा बराच कमी ठेवा. यावर आक्षेप येतो, की ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. फेज अनुकूल असेल तर ती मोडूनही सर्किट स्थिर राहतं. आक्षेप खरा आहे, पण इथे लागू पडत नाही. रेझोनन्सला फिल्टर जवळजवळ शुद्ध रोध असतो आणि कंट्रोल लूपच्या बँडविड्थच्या आत कन्व्हर्टर ऋण रोध, म्हणजे फेज नेमकी प्रतिकूल.

'जुनाट' म्हणून बोर्डवरून हटवलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा इम्पिडन्स खाली ठेवण्याचंच काम करत होता. त्याच्या अंतर्गत रोधाने दोलन दबत होतं. वरच्या फिल्टरला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्याशी सिरीजमध्ये एकूण १.८ ओम रोध ठेवून, समांतर जोडला, की १०० ओमचं शिखर अडीच ओमवर येतं. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे दोन्ही सुटे भाग सहज मिळतात.

बोर्डवरचा इलेक्ट्रोलिटिक काढण्याआधी किमान व्होल्टेजवर, पूर्ण भाराने युनिट तपासा. ४० व्होल्टला ऋण रोध २४ नव्हे, १६.७ ओम असतो.