पीठ, घंटा आणि थकलेले भाडे : ग्लासगोच्या जिन्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत

१/
महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात एक तरतूद आहे. तिचा आशय असा : भाडेकरू प्रमाणित भाडे देत असेल किंवा देण्यास तयार व राजी असेल, आणि कराराच्या इतर अटी पाळत असेल, तोवर घरमालकाला जागेचा ताबा परत मिळवता येत नाही. भाषा रूक्ष आहे. पण या वाक्यापर्यंत पोहोचलेला रस्ता एका महायुद्धातून आणि काही अरुंद जिन्यांमधून जातो. आजचा धागा त्या रस्त्याविषयी.

२/
आधी जुनी स्थिती पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत घरभाडे हा दोन पक्षांमधला खासगी करार मानला जाई. भाडे थकले की घर रिकामे करावे लागे. ते भाडे रास्त होते की नाही, हे विचारणे न्यायालयाचे काम नव्हते. मालकाने भाडे वाढवले आणि वाढीव रक्कम भरता आली नाही, की भाडेकरू थकबाकीदार ठरे. थकबाकी कशी निर्माण झाली, याला महत्त्व नव्हते.

३/
आता १९१५ सालच्या ग्लासगोत जाऊ. स्कॉटलंडमधील हे शहर म्हणजे ब्रिटिश साम्राज्याची जहाजबांधणीची राजधानी. युद्धामुळे गोदी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो कामगार नव्याने आले. गव्हन आणि पार्टिक या वस्त्या खचाखच भरल्या. नवी घरे बांधली जात नव्हती. मागणी वाढलेली पाहून मालकांनी भाडी वाढवली. काही ठिकाणी ही वाढ २५ टक्क्यांपर्यंत गेली.

४/
या कामगारांची घरे आपल्या चाळींची आठवण करून देणारी होती : दगडी बहुमजली इमारत, एका किंवा दोन खोल्यांचे बिऱ्हाड, सामाईक जिना, सामाईक शौचालय, मागच्या अंगणात सामाईक धुण्याची जागा. भाडेवसुली मालक स्वतः करीत नसे. त्यासाठी ‘फॅक्टर’ नावाचा कारभारी असे. आपल्याकडच्या चाळमालकाच्या मेहताजीचा हा स्कॉटिश भाऊबंद. वाढीव भाड्याची नोटीस आणणारा तोच, आणि घर रिकामे करवून घेण्यासाठी न्यायालयात जाणाराही तोच.

५/
पुरुष कारखान्यात किंवा फ्रान्समधील आघाडीवर होते. घरखर्चाचा ताळमेळ बसवणाऱ्या स्त्रियाच या वाढीला प्रथम सामोऱ्या गेल्या. गव्हनमध्ये मेरी बार्बर या गृहिणीने संघटन उभे केले. शहरात हेलन क्रॉफर्ड, अ‍ॅग्नेस डोलन, मेरी लेयर्ड यांचीही नावे पुढे आली. सभा स्वयंपाकघरांत आणि मागच्या अंगणांत होत.

६/
त्यांचा निर्णय नीट समजून घ्यायला हवा. त्यांनी भाडे देणेच बंद केले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या संपाचे मुख्य सूत्र होते : जुने भाडे देऊ, वाढ देणार नाही. म्हणजे कायद्याच्या वहीत दिसणारी थकबाकी ही मुळात न स्वीकारलेल्या वाढीची होती. “देऊ शकत नाही” आणि “अन्याय्य रक्कम देणार नाही” या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी आपल्या वागण्यातून मांडले.

७/
घर रिकामे करवून घ्यायला न्यायालयाचे बेलीफ येत. त्यासाठी वस्तीत पहारा असे. बेलीफ दिसताच पहाऱ्यावरची स्त्री हातातली घंटा वाजवी. हातातले काम टाकून शेजारणी धावत. जिना इतका अरुंद, की तो माणसांनी भरला की वर जाणे अशक्य होई. जे तरीही पुढे सरकत त्यांच्यावर पिठाचा मारा होई. खिडक्यांत संपाचे फलक लागले होते. या स्त्रियांना पुढे ‘बार्बरबाईंची फौज’ हे नाव मिळाले.

८/
मालकांचे सर्वांत मोठे नैतिक नुकसान केले ते सैनिकांच्या घरांवर आलेल्या नोटिशींनी. नवरा देशासाठी लढतो आहे आणि त्याच्या बायकामुलांना थोड्याशा बाकीसाठी रस्त्यावर काढले जात आहे, हे चित्र युद्धकाळात सरकारलाही परवडणारे नव्हते. युद्धाला विरोध करणारे आणि युद्धाला पाठिंबा देणारे, दोघेही या एका मुद्द्यावर भाडेकरूंच्या बाजूने उभे राहिले.

९/
ऑक्टोबर १९१५ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते लॉर्ड हंटर. नाव ओळखीचे वाटते ना? चार वर्षांनी जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणारी ‘हंटर समिती’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे स्कॉटिश न्यायाधीश.

१०/
नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार भाडेकरू संपात होते. जिन्यावरून ताबा मिळत नाही, हे पाहून मालकपक्षाने दुसरा मार्ग धरला. लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात जायचे आणि थकबाकी थेट कामगाराच्या पगारातून कापून घ्यायची. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी १८ भाडेकरूंना न्यायालयात हजर राहायचे होते. त्यांत बहुतेक युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार होते.

११/
हाच डाव उलटला. भांडण पगारापर्यंत येताच ते कारखान्यापर्यंत गेले. त्या दिवशी गोद्यांतून हजारो कामगार काम सोडून स्त्रियांच्या मोर्चात सामील झाले आणि न्यायालयाबाहेरचे रस्ते भरून गेले. युद्धसामग्रीचे उत्पादन थांबण्याची शक्यता दिसू लागली. हा प्रश्न त्या खात्याचे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्यापर्यंत पोहोचला. दावे सोडून देण्यात आले.

१२/
आठवडाभरात संसदेत विधेयक आले आणि डिसेंबर १९१५ मध्ये त्याचा कायदा झाला. लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली गेली. मालकांच्या कर्जावरील व्याजवाढीलाही आळा घातला गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे : भाडेकरू ठरलेले भाडे देत राहील, तोवर काही मोजके अपवाद वगळता न्यायालय ताबा देणार नाही. जिन्यातले सूत्र आता कायद्याच्या पुस्तकात गेले.

१३/
आता मुंबई. युद्धकाळात इथेही गिरण्या जोरात चालल्या. रत्नागिरी, सातारा आणि इतर जिल्ह्यांतून कामगार येत राहिले. बेटावरची जागा मर्यादित, बांधकाम मंदावलेले, आणि भाडी चढती. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. ब्रिटिश कायद्याच्या शीर्षकात कंसात ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ हे शब्द होते. मुंबईच्या कायद्याच्या शीर्षकातही तेच शब्द तसेच कंसात आहेत. वंशावळ शीर्षकातच वाचता येते.

१४/
दोन्हीकडे हे निर्बंध युद्धापुरतेच म्हणून आले होते. पण दुसरे महायुद्ध आले आणि १९३९ व १९४४ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा कायदे झाले. त्यानंतर आला १९४७ चा प्रसिद्ध ‘बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट’. त्याच्या कलम १२ मध्ये “तयार व राजी” हे शब्द आहेत. मालकाने आधी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचे, आणि मगच दावा. सहा महिने वा अधिक भाडे थकले, रकमेबद्दल वाद नाही आणि नोटिशीनंतरही भरणा नाही, तरच ताबा देणे न्यायालयाला बंधनकारक. भाड्याच्या रास्तपणाबद्दल वाद असेल, तर आधी तो वाद ऐकला जाई.

१५/
या गोष्टीची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले, आणि दशके उलटली तरी ते जवळपास तिथेच राहिले. भाड्यातून दुरुस्ती निघेना, इमारती खचत गेल्या. कायद्याने गुन्हा ठरलेली पागडी हीच बाजाराची रीत झाली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की काळाच्या ओघात ही गोठवणूक अवाजवी झाली आहे. ढाल दुरुस्त न करता तशीच वापरत राहिल्याचा हा परिणाम होता.

१६/
३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा आजचा कायदा लागू आहे. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा आहे. थकबाकीसाठी दावा करण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह भरली, तर भाडेकरूचे घर वाचू शकते. मालकाला पैसे मिळतात, व्याजही मिळते. पण एका अडचणीच्या काळासाठी कुटुंबाचे छप्पर जात नाही.

१७/
मात्र हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांना ही ढाल मिळणार नाही. माझ्यासारखे विद्यार्थी आणि नोकरदार ज्या अकरा महिन्यांच्या कागदावर सही करतात, तो असतो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. कायद्याच्या दृष्टीने आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपली की जागा सोडायची. पुढच्या करारात भाडे किती वाढेल, हे मालक ठरवतो. पटले नाही तर दुसरी खोली शोधायची. या बाबतीत आपण १९१५ पूर्वीच्या ग्लासगोकराच्या बरेच जवळ आहोत.

१८/
मी माझ्या खोलीचा करार या वर्षी तिसऱ्यांदा नवा केला. दर वेळी भाडे वाढले आणि दर वेळी मी मुकाट्याने सही केली. घंटा वाजवावी, तर माझ्या मजल्यावर कोण राहते हेही मला नीट माहीत नव्हते. हा विषय वाचायला घेतल्यानंतर मी शेजारच्या दोन दारांवर थाप मारली. तिघांचीही भाडी वेगवेगळी निघाली, खोल्या मात्र सारख्याच. कायदा बदलण्याइतके हे मोठे नाही. पण बार्बरबाईंच्या स्वयंपाकघरातली पहिली सभाही “तुमचे किती वाढवले?” या प्रश्नाशिवाय सुरू झाली नसेल.

१९/
मेरी बार्बर १९२० मध्ये ग्लासगोच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. २०१८ मध्ये गव्हनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. तो एकटीचा नाही. त्यांच्यामागे मोर्चातली माणसेही आहेत.

२०/
धागा इथे संपतो. तुमच्या घरी जुनी भाडेपावती किंवा चाळीतल्या भाडेवादाची एखादी आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. शक्य असेल तर आजीला विचारून लिहा. अशा गोष्टी दप्तरांपेक्षा तिलाच अधिक ठाऊक असतात.
#इतिहास #मुंबई #धागा