अमेरिकेतील बंदूक हिंसाचार : ऐतिहासिक आढावा व प्रतिबंधात्मक उपाय

अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीमुळे ४८,८३० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अनिर्बंध शस्त्रधारण हा अमेरिकी परंपरेचाच भाग असल्याने या हिंसाचाराला इलाज नाही, असे मत सर्रास मांडले जाते. प्रस्तुत लेखात हे मत इतिहासाच्या कसोटीवर तपासले आहे.

अमेरिकी राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. या एका वाक्याच्या तरतुदीत नागरिकांच्या शस्त्राधिकाराबरोबरच सुनियंत्रित नागरी सेनेचाही उल्लेख आहे. पुढील काळात शस्त्रांवर निर्बंध घालणारे कायदे विपुल झाले. चित्रपटांनी ज्या पश्चिमेकडील सरहद्दीची प्रतिमा रंगविली, तेथेही वस्तुस्थिती वेगळीच होती. ॲरिझोनातील टूमस्टोन शहराच्या हद्दीत शस्त्र बाळगून फिरण्यास मनाई होती. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी तेथे घडलेली प्रसिद्ध चकमक या मनाईच्या अंमलबजावणीतूनच उद्भवली. अर्थात, ही नियंत्रणाची परंपरा निष्कलंक नव्हती. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. तिचा हेतू सुरक्षितता नसून वर्चस्व टिकविणे हा होता.

मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ च्या राष्ट्रीय कायद्याने मशीनगनवर २०० डॉलर कर व नोंदणीची सक्ती लादली. या कायद्याच्या चर्चेत नॅशनल रायफल असोसिएशनच्या अध्यक्षांनीच सरसकट शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध असावेत, अशी साक्ष दिली होती, हे आज अनेकांना नवल वाटेल. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेनेशी संबंध नसलेल्या शस्त्राला घटनात्मक संरक्षण नाकारले. केनेडी बंधू व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये टपालाने होणाऱ्या बंदूकविक्रीस पायबंद बसला.

खरा बदल त्यानंतरचा आहे. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील अधिवेशनात रायफल असोसिएशनचे नेतृत्व कडव्या गटाच्या हाती गेले आणि १८७१ मध्ये नेमबाजीच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था राजकीय शक्ती बनली. दुसऱ्या दुरुस्तीतील अधिकार व्यक्तीचा असून तो नागरी सेनेवर अवलंबून नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच दिला तो २००८ मध्ये, हेलर खटल्यात आणि तोही पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजेच ज्याला सनातन परंपरा म्हटले जाते, तिला न्यायालयीन मान्यता मिळून दोन दशकेही झालेली नाहीत. पुढे २०२२ च्या ब्रुएन निकालाने तर निर्बंध ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, असा निकषच घातला. त्यामुळे अभिलेखागारातील जुने शहरी कायदे आता न्यायालयात पुरावा म्हणून मांडले जातात. २०२४ च्या रहीमी खटल्यात मात्र, तंतोतंत जुना दाखला आवश्यक नाही असे सांगून, कौटुंबिक हिंसेबाबत न्यायालयीन मनाई असलेल्या व्यक्तीवरील शस्त्रबंदी न्यायालयाने वैध ठरविली.

प्रतिबंधाचा विचार करताना सार्वजनिक गोळीबाराच्या घटनाच डोळ्यांपुढे येतात. परंतु २०२१ मधील मृत्यूंपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ प्राणघातक ठरतात. अनेकदा असा आवेग अल्पकाळाचा असल्याने त्या वेळी शस्त्र हाताशी नसणे निर्णायक ठरते. घरातील शस्त्र कुलुपात ठेवण्याची सक्ती, खरेदीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ आणि धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडील शस्त्रे न्यायालयीन आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा, कनेक्टिकटने १९९९ मध्ये प्रथम केलेला कायदा, यांचे महत्त्व यातच आहे. खरेदी-परवान्याचा अनुभवही बोलका आहे. कनेक्टिकटने १९९५ मध्ये परवाना सक्तीचा केला, तर मिसूरीने २००७ मध्ये ती सक्ती रद्द केली. पहिल्या राज्यात बंदुकीने होणाऱ्या हत्या घटल्याचे व दुसऱ्यात वाढल्याचे संशोधकांना आढळले.

असे संशोधनही दीर्घकाळ तुटपुंजेच राहिले. १९९६ च्या डिकी दुरुस्तीने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीतून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यास मनाई केली. तिच्या धाकाने केंद्राने या विषयातील संशोधनच जवळजवळ थांबविले. २०२० या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने अडीच कोटी डॉलर मंजूर केल्यानंतरच केंद्राच्या निधीतून हे काम पुन्हा सुरू झाले.