प्रचक्र आणि वेटोळे : यांत्रिक करवतीच्या प्रज्वलनव्यवस्थेचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते, तो बहुधा तिच्या साखळीचा इतिहास असतो. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून 1947 च्या सुमारास नव्या धर्तीची साखळी बनविली, ही हकीकत मनोरंजक असल्यामुळे सर्वत्र उद्धृत होते. करवतीच्या इंजिनात ठिणगी कशी उत्पन्न होते, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः जुन्या करवती दुरुस्त करणाऱ्या कारागिरापुढे सर्वांत चिवट अडचण उभी राहते ती येथेच. जळालेल्या वेटोळ्याच्या जागी तो त्याच कंपनीचे दुसरे वेटोळे बसवितो. स्क्रूची भोके जुळतात, ठिणगीही लखलखीत पडते. तरीही इंजिन सुरू होत नाही; किंवा सुरू होताना दोरी उलट हिसका देते. 'कॉइल आणि फ्लायव्हील यांची जोडी जमली नाही,' असे तो म्हणतो. ही अडचण कारखानदारांच्या लहरीतून निर्माण झाली असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णांशाने खरा नाही. तिची मुळे प्रज्वलनव्यवस्थेच्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास करवतीहून जुना आहे.

चुंबक व तारेचे वेटोळे यांची परस्परसापेक्ष हालचाल झाली म्हणजे तारेत विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, हे फॅरडे याने 1831 मध्ये दाखवून दिले. या तत्त्वाचा उपयोग इंजिनातील मिश्रण पेटविण्यासाठी करण्यास अर्धशतक लागले. रॉबर्ट बॉश याने 1886 मध्ये श्टुटगार्ट येथे लहानशी कर्मशाळा काढली व पुढील वर्षी एका स्थिर इंजिनासाठी कमी दाबाचा मॅग्नेटो तयार केला. हे यंत्र मंदगती इंजिनांपुरतेच उपयोगी होते. 1897 मध्ये फ्रेडरिक सिम्स याच्या द दियाँ-बूताँ बनावटीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसविण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा इंजिनाच्या जलद गतीचा प्रश्न उभा राहिला. बॉशचा सहकारी आर्नोल्ड झेरिंगर याने जड वेटोळे स्थिर ठेवून त्याभोवती हलके नळकांडे हालविण्याची युक्ती काढली आणि तो सोडविला. 1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. एकाच गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारो वेढे, आणि योग्य क्षणी पहिल्या वेढ्यांतील प्रवाह तोडणारा संपर्क, अशी ही रचना होती. लौकिक बॉशच्या नावाला मिळाला. पण पुढील पाऊणशे वर्षे जी व्यवस्था टिकली तिचा कर्ता होनोल्ड होय, हे नोंदविले पाहिजे. 1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनची मोटार व विमानांची इंजिने मुख्यतः श्टुटगार्टच्या मॅग्नेटोवर अवलंबून आहेत, ही गोष्ट लंडनच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या ध्यानी आली, आणि हा उद्योग तेथे घाईघाईने उभारावा लागला.

होनोल्डचा मॅग्नेटो हे स्वतंत्र यंत्र होते. त्याचे स्वतःचे चुंबक, स्वतःचा फिरता गाभा, आणि त्याला फिरविण्यासाठी इंजिनाकडून साखळी किंवा दात्यांची जोडणी. इंजिनाला जे प्रचक्र असतेच, त्याच्याच काठात चुंबके बसवून निराळा मॅग्नेटो टाळावा, ही कल्पना पुढे आली. फोर्डने 1908 च्या 'मॉडेल टी' गाडीत प्रचक्रावर नालाच्या आकाराची 16 चुंबके बसविली होती. मात्र ती व्यवस्था कमी दाबाची असून ठिणगीसाठी प्रत्येक सिलिंडरला वेगळे कंपन-वेटोळे लागे. उच्च दाबाचे वेटोळे, संपर्क व कंडेन्सर हे सारे प्रचक्राच्या पोटात सामावणारी रचना लहान दुघाती इंजिनांत रूढ झाली, आणि 1920 नंतरच्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्स कंपनीने ती मोटारसायकलींच्या इंजिनांतून घरोघर पोचविली.

करवतीला या घडामोडीचा लाभ उशिरा झाला. एमिल लेर्प याने 1927 मध्ये थुरिंजिया प्रांतातील डोल्मार टेकडीवर पेट्रोलची करवत चालवून दाखविली. तिचे वजन 58 किलोग्रॅम होते. आंद्रेआस श्टील याची 1929 ची करवत 46 किलोग्रॅमची होती व तीही दोन माणसांनी धरावी लागे. अशा यंत्रात मॅग्नेटोचे वजन हा चिंतेचा विषय नव्हता. एका माणसाने उचलावयाची करवत बनवू लागताच प्रत्येक छटाकाचा हिशेब सुरू झाला. या कामी धातुशास्त्राने साहाय्य केले. जपानमध्ये होंडा कोतारो याने 1917 मध्ये कोबाल्टयुक्त चुंबकी पोलाद व मिशिमा तोकुशिची याने 1931 मध्ये निकेल-ॲल्युमिनियमयुक्त मिश्रधातू शोधून काढला; त्यातून अल्निको जातीची चुंबके निघाली. पूर्वी हाताएवढा लागणारा नाल आता बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर आला. अमेरिकेतील मॅककलक कंपनीची 1949 ची करवत सुमारे 11 किलोग्रॅमची होती. श्टीलची 1959 ची 'काँट्रा' करवत 12 किलोग्रॅमच्या आसपास असून तिची शक्ती 6 अश्वशक्ती होती. या इंजिनांत प्रचक्र एकाच वेळी तीन कामे करू लागले. ते गती समतोल ठेवी, पंख्याच्या पात्यांनी सिलिंडर थंड करी, आणि काठातील चुंबकाने ठिणगी देई.

संपर्कयुक्त व्यवस्थेत ठिणगीचा क्षण ठरवी तो संपर्क, ज्यास कारागीर 'पॉइंट' म्हणतात. दंडावरील उंचवटा त्याला उचली, प्रवाह तुटे, ठिणगी पडे. संपर्क ज्या पट्टीवर बसविलेला असे ती लांबट भोकांमुळे थोडी फिरविता येई. चुंबकाकडे काम होते ते ठिणगीला जोर देण्याचे. वेटोळ्यातील प्रवाह ऐन भरात असताना संपर्क उघडला तर ठिणगी सशक्त, मागेपुढे उघडला तर दुबळी. त्यामुळे परके प्रचक्र बसविले आणि त्यातील चुंबक दोन-चार अंशांनी सरकलेले असले, तरी ठिणगीची वेळ बरोबरच राही. फक्त तिचा जोर घटे. इंजिन थंडीत सुरू होईना म्हणजे कारागिराला दोषाचा सुगावा लागे. चूक झाकली जात नसे, आणि पुष्कळदा ती पान्याने सुधारता येई.

तथापि संपर्काला शत्रू पुष्कळ होते. लाकडाचा भुसा, तेल, ओल, आणि मिनिटाला 8 ते 10 हजार फेऱ्यांनी होणारी झीज. 1947 मध्ये ट्रान्झिस्टर व 1957 मध्ये थायरिस्टर हे घटक निर्माण झाल्यावर यांत्रिक संपर्काशिवाय प्रवाह तोडणे शक्य झाले. श्टील कंपनीने 1968 मध्ये '041 एव्ही' ही संपर्करहित इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाची करवत बाजारात आणली. पुढच्याच वर्षी कावासाकीच्या मोटारसायकलीत याच वर्गातील व्यवस्था आली. जंगलात काम करणाऱ्यांना हे वरदानच होते. पॉइंट घासण्याची कटकट संपली.

परंतु या बदलात जी गोष्ट हरवली तिची नोंद जाहिरातींत सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक घटकाला इशारा मिळतो तो प्रचक्रावरील चुंबकाकडूनच. चुंबक वेटोळ्याच्या पायांसमोरून जाताना विद्युत्‌दाबाची एक विशिष्ट लाट उठते. तिच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर प्रवाह तुटावा हे राळेत बंद केलेल्या घटकात कायमचे ठरलेले असते. म्हणजे जोर देणारा आणि वेळ ठरविणारा हे दोघे एक झाले. आता परके प्रचक्र बसविले तर ठिणगी जोरकस पडेल, पण भलत्या वेळी पडेल. जुनी चूक दुबळेपणाने स्वतःला उघड करी. नवी चूक तेजस्वी ठिणगीच्या रूपाने कारागिराला फसविते. या एका फरकात आजच्या साऱ्या अडचणीचे मूळ आहे.

फरक किती सूक्ष्म असतो हे आकड्यांनी स्पष्ट होईल. 10 सेंटिमीटर व्यासाच्या प्रचक्राचा परीघ सुमारे 314 मिलिमीटर. म्हणजे एक अंश होतो 0.87 मिलिमीटरचा. चावीच्या खाचेपासून चुंबक 9 मिलिमीटर पुढे-मागे असेल तर वेळ सुमारे 10 अंशांनी चुकते. मिनिटास 9,000 फेऱ्यांच्या गतीत हे 10 अंश सेकंदाच्या पाच हजाराव्या हिश्श्याहूनही कमी काळात सरतात. ठिणगी फार लवकर पडली तर वर चढणारा दट्ट्या दाबाविरुद्ध ढकलला जातो. दोरीचा हिसका त्याचाच. असे इंजिन राबविले तर दट्ट्याचा माथा वितळू शकतो. ध्रुवांचा क्रम उलटला तर लाटच उलटी होते. घटक मुळीच इशारा घेत नाही, किंवा लाटेच्या दुसऱ्या अर्धावर घेतो व वेळ कित्येक अंशांनी ढळते. दोन प्रचक्रे शेजारी ठेवून डोळ्यांनी हा भेद ओळखता येत नाही.

कारखानदारांच्या वाट्यालाही काही दोष जातो. करवत बनविणाऱ्या कंपन्या प्रज्वलनाचे भाग बहुधा बाहेरून घेत: जर्मनीत बॉशकडून, स्वीडनमध्ये ओमोल येथील स्वेन्स्का एलेक्ट्रोमॅग्नेटरकडून, अमेरिकेत फेलनकडून. पुरवठादार बदलला की त्याच नावाच्या करवतीत निराळी जोडी येई. बाहेरचे आवरण व मॉडेलचा क्रमांक तोच राही. बदल दिसे तो केवळ सुट्या भागांच्या सूचिपत्रात. पूर्वी जे ज्ञान कारागिराच्या हातात होते ते अशा रीतीने भागाच्या क्रमांकात जाऊन बसले. पुढे याच घटकात कमाल गतीचे नियंत्रण आले. 21 व्या शतकात तर सूक्ष्मप्रक्रियक असलेले घटक ठिणगीची वेळ गतीनुसार बदलू लागले, आणि काही करवतींत कार्ब्युरेटरमधील इंधनाचे प्रमाणही ठरवू लागले. तेथे जोडीबाहेरचा भाग बसविण्यास जवळजवळ जागाच उरली नाही.

ज्या जुन्या करवतींची सूचिपत्रे हरवली आहेत व प्रचक्रावरील क्रमांक गंजून गेला आहे, त्यांच्या बाबतीत कारागीर मोजमापाकडे वळतात. चुंबक व वेटोळ्याचे पाय यांत 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट ठेवणे ही पहिली पायरी. त्यासाठी साधे भेटपत्र पुरते. ही फट नीट असूनही दोष राहिला तर चावी अर्धवट कापली गेली नाही ना, हे दंडावरून प्रचक्र उतरवून पाहतात. त्यानंतर खाच व चुंबकाची कड यांतील कोन जुन्या प्रचक्राशी ताडून पाहिला जातो. दट्ट्या शिरोबिंदूवर आणून प्रचक्रावर व कवचावर खडूची खूण करतात, आणि लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात इंजिन फिरवून ठिणगीचा क्षण खुणेच्या किती अंश आधी येतो ते वाचतात. ध्रुवांचा क्रम समजून घेण्यासाठी दोन्ही प्रचक्रांच्या काठाजवळून लहानसे होकायंत्र फिरवितात, आणि सुईचे टोक कोणत्या बाजूस आधी ओढले जाते ते कागदावर लिहून ठेवतात.