भुकेचा निरोप्या

सप्तापुरातल्या आपल्या घरांत पाहुण्यांपुढे पेढे आले, की ‘मला शुगर आहे’ म्हणत एक तरी हात मागे होतो. हल्ली त्याच बैठकीत वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाचा विषय निघतो. औषध नवे वाटते. त्यामागचा शोध मात्र सव्वाशे वर्षांचा आहे.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी दाखवले, की आतडे रक्तावाटे स्वादुपिंडाला निरोप धाडते. १९६४ मध्ये आढळले, की साखर शिरेतून देण्यापेक्षा तोंडावाटे दिली तर इन्सुलिन अधिक स्रवते. म्हणजे अन्न आल्याची वर्दी आतडेच देत असले पाहिजे. असा एक निरोप्या, जीएलपी-१ हे संप्रेरक, १९८०च्या दशकात उलगडला. रक्तातील साखर चढलेली असताना तो इन्सुलिन वाढवतो, जठर सावकाश रिकामे होऊ देतो आणि मेंदूला ‘पुरे’ असे कळवतो. पण शरीरात तो काही मिनिटांतच नष्ट होतो.

यावर तोडगा निघाला तो अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषातून. जॉन एंग यांना त्यात या संप्रेरकासारखेच, पण टिकाऊ द्रव्य सापडले. त्यावरून घडलेल्या एक्सेनाटाइडला २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही मधुमेहासाठी. वजनासाठीचा वापर पुढचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा शोध पुण्याचा आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही इंग्लंडमधल्या बाळांहून हलकी होती, पण त्या मानाने त्यांची चरबी घटलेली नव्हती. कमी होते ते स्नायू.

म्हणून केवळ वजनाच्या काट्यावर विसंबू नये. भूक मंदावून वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे मुळात थोडे. हे औषध घ्यायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ताटातली डाळ-उसळ आणि अंगमेहनत न सोडता. आणि ‘एवढा बारीक माणूस, त्याला कसला मधुमेह?’ असे म्हणून घरात कोणाची रक्ततपासणी टाळू नये.