लेव्हल साठ झाली, आते काय करानं?

मंडळी, गेल्या विकांताला शहाद्याहून भाच्याचा फोन आला. एरवी त्याचे फोन "मामा, कोणता लॅपटॉप घेऊ" छापाचे असतात. यावेळी आवाज वेगळा होता. पठ्ठ्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आवृत्तीत साठाव्या लेव्हलला पोचला होता. त्यात साठ म्हणजे छत, वर जागाच नाही. "मामा, साठ झाली. आते काय करानं?"

त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. शिवाय त्यामागे आणखी एक भानगड होती (ती शेवटी सांगतो). म्हणून म्हटलं, लिहूनच काढू. तोही वाचेल आणि तुम्हीही.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल. टेंभली हे गाव आमच्या शहादा तालुक्यातलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तिथे रंजना सोनवणे यांना दिला गेला, पंतप्रधान स्वतः आले होते. सहा वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि त्याच आधारवर अंगठा टेकवून लोकांनी सिमकार्डं घेतली. डेटा स्वस्त झाला आणि शहाद्यातली पोरं जगाशी खेळायला लागली. माझ्या वेळी हे सुख नव्हतं. मी हा खेळ २००६ साली पुण्यात, भाड्याच्या खोलीत, २५६ केबीपीएसवर खेळलो. खेळाचे पॅच रात्री दोननंतर उतरवून घ्यायचे, कारण दोन ते आठ डाउनलोड फुकट!

असो. मुद्दा असा की "छताला टेकल्यावर काय" हा प्रश्न भाच्याचा एकट्याचा नाही. तो या खेळांइतकाच जुना आहे आणि त्याची उत्तरं कशी बदलत गेली हे कळलं, की नवख्याने काय करावं ते आपोआप कळतं.

सुरुवात कागदावरची. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन या दोन अमेरिकनांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. चार मित्र टेबलाभोवती, फासे आणि एक गोष्ट सांगणारा. त्याला शेवट नव्हता, कारण गोष्ट सांगणारा माणूस रोज नवी गोष्ट रचू शकत होता.

१९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉने हे संगणकावर आणलं. नाव मड. पुढे रिचर्ड बार्टलने ते वाढवलं. चित्र नाही, फक्त अक्षरं. आता गोष्ट सांगणारा यंत्र झाल्यावर गोष्ट संपणार हे आलंच. मग शेवटी काय द्यायचं? मडमध्ये पुरेसे गुण झाले की तुम्ही 'विझर्ड' व्हायचात, म्हणजे इतरांवर सत्ता चालवायचात. आणि लढाईत मेलात तर पात्र कायमचं गेलं, पहिल्यापासून सुरू. म्हणजे पहिलं उत्तर होतं: शेवटी खेळाडूचा कारभारी व्हा.

याच बार्टलने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्याने खेळाडूंचे पत्त्यांसारखे चार रंग पाडले. चौकट म्हणजे मिळवणारे: लेव्हल, वस्तू, पदकं. इस्पिक म्हणजे शोधणारे, कोपरा न् कोपरा उकरणारे. बदाम म्हणजे माणसांत रमणारे. किलवर म्हणजे दुसऱ्याला हाणण्यात मजा घेणारे. नवख्याला माझा पहिला सल्ला हाच, की साठाव्या लेव्हलला आधी आपला रंग ओळख. इस्पिकवाल्याने उगाच स्पर्धेत उतरायचं आणि बदामवाल्याने एकट्याने वस्तू गोळा करत बसायचं, यात महिनाभरात कंटाळा ठरलेला. बहुतेकांत दोन रंग असतात. पण हुकूम एकच असतो.

पुढचा टप्पा डेन्मार्कचा. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९०-९१ मध्ये दिकूमड लिहिलं आणि कोड वाटून टाकला. त्याची इतकी पिल्लं झाली की विचारू नका. लढवय्या पुढे उभा राहून मार खाणार, पुरोहित त्याच्या जखमा भरणार, जादूगार मागून मारणार, ही वाटणी तिथून पक्की झाली. आज तिला टँक, हीलर आणि डॅमेज म्हणतात.

दुसरा सल्ला इथे. तिघांपैकी काय व्हायचं हे ठरवताना शहाद्यातून खेळतोयस हे विसरू नको. वॉवचा सर्व्हर भारतात कधीच नव्हता, आजही नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर देवालाही चुकत नाहीत, आणि तारा सरळ कुठे जातात? समुद्रातून वळसे घेत घेत दीडशे-दोनशे सहज होतात. पण घाबरू नको. या खेळात एक विद्या वापरली की पुढचीसाठी बहुतेक वेळा दीड सेकंद थांबावंच लागतं. दीड सेकंदात दोनशे मिलिसेकंद पचतात. पचत नाही ते समोरच्याचा मंत्र ऐनवेळी तोडणं. म्हणून लांबच्या माणसाने हीलर व्हावं, किंवा हळूहळू भिनणारं विष लावणारा. मी हीलर झालो तो दयाळू म्हणून नव्हे, पिंगमुळे :-)

मार्च १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आला. दिसायला त्रिमिती, पण हाडं दिकूची. इतकी, की "आम्ही दिकूचा कोड वापरलेला नाही" असं शपथेवर लिहून द्यायची वेळ २००० मध्ये त्यांच्यावर आली. पन्नासाव्या लेव्हलला छत, आणि छतावर दोन ड्रॅगन: लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन (नाव ऐकून मला आपला नागच आठवतो). ड्रॅगन मारायला डझनावारी माणसं लागत. तो मेल्यावर वस्तू मात्र दोन-चार. चाळीस माणसं आणि एक तलवार! द्यायची कुणाला?

यावर आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने, म्हणजे संघाने, १९९९ मध्ये तोडगा काढला. ड्रॅगन किल पॉइंट्स, थोडक्यात डीकेपी. हजेरी लावलीस, गुण जमा. वस्तू घेतलीस, गुण वजा. खातेवहीच ती. आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा कारखाना पी. के. अण्णा पाटलांनी उभा केला, तो याच हिशोबावर: एकट्याच्या उसात कारखाना चालत नाही, आणि ज्याने जितके टन घातले त्याला तितके पैसे. सहकारात भांडण कधी होतं? काटा खोटा आहे अशी शंका आली की. गिल्डांचंही तेच. बॉस मरत नाही म्हणून फुटलेल्या गिल्डांपेक्षा वाटणीवरून फुटलेल्या मी जास्त पाहिल्यात.

म्हणून तिसरा सल्ला. गिल्डमध्ये शिरण्याआधी वाटणीचा नियम विचार. लेखी आहे का, सगळ्यांना दिसतो का, पुढाऱ्यालाही लागू आहे का. तीनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर पुढचं दार.

एव्हरक्वेस्टच्या अशाच एका गिल्डमधले रॉब पार्डो आणि जेफ कॅप्लन पुढे ब्लिझार्डमध्ये वॉव बनवायला बसले. म्हणजे ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांनीच इतरांना जागवायची सोय केली! वॉव २३ नोव्हेंबर २००४ ला आला. साठाव्या लेव्हलला मोल्टन कोअर, चाळीस जणांची स्वारी. तिथला शेवटचा राक्षस रॅग्नरॉस पहिल्यांदा मेला एप्रिल २००५ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी.

त्याहून मजेदार गोष्ट सथूनची. हा बॉस जानेवारी २००६ नंतर खुला झाला आणि जगातल्या उत्तमोत्तम गिल्डांनी डोकी आपटली तरी मरेना. शेवटी खेळाडूंनी आकडे मांडले आणि निष्कर्ष काढला, की हे गणितानेच अशक्य आहे. एप्रिलमध्ये कंपनीने तो दुरुस्त केला आणि लगोलग निहिलम या युरोपियन गिल्डने त्याला मारला. हापिसात बग शोधणाऱ्या आम्हा लोकांना यातली गंमत जास्त कळते. चौथा सल्ला: हरलास की चिडू नको, लॉग बघ. कोण आधी मेला, का मेला, किती सेकंदाला मेला. दहा वेळा एकाच सेकंदाला मरत असाल तर दोष नशिबाचा नाही, एका ठरावीक गोष्टीचा आहे. ती गोष्ट सापडणं हाच खरा एंडगेम.

आता स्पर्धा. जानेवारी २००७ मध्ये बर्निंग क्रुसेड हा विस्तार आला आणि त्याबरोबर अरीना: दोनास दोन, तिनास तीन, पाचास पाच. क्रमवारीसाठी त्यांनी बुद्धिबळातली एलो पद्धत उचलली, जी जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली होती. नवखा इथे हमखास फसतो. त्याला वाटतं रेटिंग म्हणजे लायकी. ती फक्त शक्यता आहे! दोनशे गुणांनी वरचा माणूस तुमच्याशी शंभरातले साधारण ७६ गुण घेईल, इतकंच. उरलेले चोवीस तुमचे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत समोरच्या कोनेरू हंपीचं रेटिंग तिच्यापेक्षा ऐंशीच्या आसपास जास्त होतं. सूत्र म्हणत होतं दिव्याचे शंभरात ३९. पाचवा सल्ला: एका संध्याकाळच्या आकड्यावरून स्वतःला जोखू नको. शंभर सामने खेळ आणि मग बघ. जोडीदार मात्र दर हरण्याला बदलू नको.

याच विस्ताराबरोबर आणखी एक गोष्ट घडली आणि इथे मला माझं सांगावं लागेल.

डिसेंबर २००६. आमची गिल्ड युरोपातली. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. तीन-साडेतीनपर्यंत खेळ, नऊला हापिस. मी दोन महिने एकही रात्र न चुकवता गुण साठवले होते, एका काठीसाठी. हीलरची काठी, जांभळ्या रंगाची, म्हणजे उच्च प्रतीची. त्या रात्री ती मिळाली. खूश होऊन साडेतीनला उठलो आणि मोबाईल बघितला. सायलेंटवर होता. घरचे नऊ मिस्ड कॉल, पहिला एक वाजताचा. आजोबा गेले होते.

एकलाच फोन घेतला असता तर गाडी करून सकाळी पोचलो असतो. पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि मंडळी गोमाईच्या काठावरून परत येत होती. कुणी काही बोललं नाही. बहिणीने, म्हणजे या भाच्याच्या आईने, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढच्याच महिन्यात विस्तार आला. नव्या प्रदेशात काही कामं केल्यावर एक हिरवी, म्हणजे साधी, रस्त्यावर पडावी तशी काठी मिळाली. माझ्या जांभळ्या काठीपेक्षा सरस होती. चूक खेळाची नव्हती. छत वर सरकलं की खालचं सगळं स्वस्त होणार, हा या धंद्याचा नियमच आहे. दर विस्ताराला तेच होत आलंय. मला तो नियम माहीत नव्हता आणि घड्याळाकडे बघायचं सुचलं नाही, एवढंच.

आता ती भानगड. भाच्याला कुणीतरी तयार पात्र विकत देतोय, सगळा साज चढवलेलं, बारा हजार रुपयांत. पैसे येणार पपईच्या पट्टीतून, म्हणजे दाजींच्या घामातून. "मामा, सरळ टॉपला खेळता येईल ना!"

बाबा रे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लहानपणी आजोबांबरोबर तूच नाही, मीही गेलोय. जाणता माणूस खोगीर, गोंडे, घुंगरं बघतच नाही. साज उतरवायला लावतो आणि घोडा चालवून दाखव म्हणतो. गिल्डवालेही तेच करतात. दहा मिनिटांत कळतं त्यांना, की साज कुणाचा आणि चाल कुणाची. शिवाय असं पात्र विकत घेणं नियमाबाहेर आहे. कंपनीने खातं बंद केलं तर दाद कुठे मागणार? आणि हे काही झालं नाही तरी पुढच्या विस्ताराला त्या साजाची किंमत हिरव्या काठीइतकी.

गेल्या पन्नास वर्षांत शेवटी काय द्यायचं याची उत्तरं बदलली. सत्ता, ड्रॅगन, साज, रेटिंग. पण ज्या चार जणांबरोबर मी तेव्हा बॉससमोर रात्री मरत होतो, त्यातला एक हॅम्बुर्गचा गृहस्थ मला आजही नाताळात पत्र लिहितो. काठीचं नावही मला आता आठवत नाही.

तेव्हा आते काय करानं? रंग ओळख. हीलर हो. वाटणी लेखी असलेली गिल्ड बघ. आठवड्यातल्या दोन रात्री ठरव, त्याही आईला सांगून. आणि फोन सायलेंटवर ठेवू नको.

काल रात्री त्याचा मेसेज आला. पात्र घेतलं नाही. गिल्ड मिळालीय, मंगळवार आणि शुक्रवार. खाली लिहिलं होतं: "मामा, आई म्हणते तुम्ही पण या खेळायला, पण आधी घरी या."