दस्तक आणि टोकन

१६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांसाठी परतीची दस्तकं मिळवली. माणसं निघाली, शिक्का मात्र बादशहाकडेच राहिला. मुकुंदवाडीत माझी स्क्रिप्ट गूगल कॅलेंडरमधून आईच्या दवाखान्याच्या तारखा वाचते, तेव्हा मला हे आठवतं.

पूर्वी अशा स्क्रिप्टला ‘क्लायंटलॉगिन’ होतं: पासवर्ड द्या, टोकन घ्या. डायरी बघायला आलेल्याच्या हाती घराची किल्ली! विश्वास उडाला तर कुलूपच बदलायचं. २०१५ मध्ये ती वाट बंद झाली.

२०१२ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘ओऑथ २.०’मध्ये पासवर्ड ब्राउझरमध्ये फक्त गूगललाच द्यायचा. स्क्रिप्टला मिळतं ठरल्या कामापुरतं, साधारण तासाभराचं टोकन. नको असेल तेव्हा तेवढीच परवानगी काढून घेता येते.