लागली, हे कोणी सांगायचं?

एअरसॉफ्ट या नकली बंदुकांनी खेळायच्या लढाईच्या खेळातली गोळी म्हणजे प्लास्टिकचा एक मणी. व्यास 6 मिलिमीटर, वजन बहुधा 0.20 ग्रॅम. ती अंगाला लागते, खाली पडते आणि पालापाचोळ्यात दिसेनाशी होते. कपड्यावर डाग राहत नाही. नेम लागला की हुकला, हे खात्रीने ठाऊक असतं ते ज्याला गोळी लागली त्यालाच. या खेळाचा पहिला नियम म्हणूनच मार खाणाऱ्यासाठी आहे: गोळी लागली की ‘हिट!’ असं मोठ्याने ओरडायचं, हात वर करायचा आणि मैदान सोडायचं.

हा पेच या खेळाहून कितीतरी जुना. तलवारबाजीत समोरच्याच्या तलवारीचं टोक अंगाला लागलं, तर ज्याला लागलं त्याने आपणहून कबूल करायचं, असा शिरस्ता होता. पुढे ते काम विजेच्या दिव्यांनी उचललं. तलवारींच्या तीन प्रकारांपैकी ऑलिंपिकमध्ये एपेला 1936 साली, फॉइलला 1956 साली आणि सेबरला थेट 1992 साली विद्युत यंत्रणा आली. अमेरिकेत 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात 12 जण पहिला पेंटबॉल खेळले, तेव्हा झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या रंगाच्या बंदुका त्यांच्या हाती होत्या. अंगावर रंग उडाला की माणूस बाद. विशेष म्हणजे तो डाव जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती.

एअरसॉफ्ट जन्मलं जपानमध्ये, आणि त्याच्या घडणीत कायद्याचा मोठा हात आहे. 1958 च्या शस्त्र कायद्यामुळे सामान्य जपानी माणसाला पिस्तूल बाळगणं जवळपास अशक्य. हौस भागायची ती धातूच्या हुबेहूब नकलांवर. 1971 मध्ये त्यांच्यावरही बडगा आला: नकली पिस्तुलाची नळी बुजवा आणि ते पांढरं किंवा पिवळं रंगवा. 1977 मध्ये निर्बंध आणखी वाढले. हौस प्लास्टिककडे वळली, आणि प्लास्टिकच्या बंदुकीतून स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दाबाने हलकी गोळी उडवता येत होती. 1991 मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी ‘फॅमास’ बंदूक बाजारात आणली आणि रानात खेळणाऱ्यांच्या हाती एका दमात गोळ्यांची सर सोडणारी बंदूक आली.

जोर किती असावा, हा प्रश्न बराच काळ उत्पादकांच्या आपसांतल्या मर्यादांवर सोडलेला होता. 2005 मध्ये जोर वाढवलेल्या बंदुकांनी रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले आणि सरकारने कायदा बदलला. 2006 पासून 6 मिलिमीटरच्या गोळीसाठी तिथे 0.98 ज्यूल ही कमाल मर्यादा आहे. 0.20 ग्रॅमच्या गोळीसाठी तो वेग होतो सेकंदाला सुमारे 99 मीटर.

जाड कपड्यावर एवढा फटका सहज सोसतो. डोळ्याला सोसत नाही. डोळ्याच्या आत रक्त साकळतं, भिंगाला इजा होते, कधी दृष्टीच जाते. साधा चष्मा इथे कुचकामी. चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसणारा गॉगलच हवा आणि घाम आला, काच धुरकटली तरी मैदानात तो काढायचा नाही. याबाबत कोणाला सवलत देणारा आयोजक खेळ घेण्याच्या लायकीचा नाही.

विश्रांतीच्या जागेत शिरतानाचा क्रमही असाच अनुभवातून ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढायचं, मग बंदूक सुरक्षित दिशेला रोखून रिकामी झाडायची, मग सेफ्टी लावायची. मॅगझिन निघालं तरी एखादी गोळी नळीच्या मागच्या टोकाशी अडकून राहू शकते. मधली पायरी गाळणारा माणूस भरलेली बंदूक घेऊन आत येतो, आणि आत सगळ्यांनी गॉगल उतरवलेले असतात.

खेळाआधी वेगमापकाने होणारी बंदुकांची तपासणीही वाटते तितकी सरळ नाही. वायूवर चालणाऱ्या आणि लांब नळीच्या काही बंदुकांत जड गोळी घातली, की वेग घटतो पण ऊर्जा वाढते. हलक्या गोळीने तपासणी पार करायची आणि खेळताना जड गोळी भरायची, ही पळवाट त्यातूनच निघाली. म्हणून जाणते आयोजक ज्या गोळीने खेळायचं तीच भरून तपासतात आणि वेगाऐवजी ज्यूल मोजतात.

गोळी लागूनही खेळत राहणाऱ्याला जपानी खेळाडू ‘झॉम्बी’, म्हणजे मेल्यावरही चालणारं प्रेत, म्हणतात. त्यांतला प्रत्येक जण लबाड असतो असं मुळीच नाही. धावताना, जाड जाकिटावर, लांबून थकून आलेली गोळी खरोखरच जाणवत नाही. तरीही शंका आली तर बाद मानून निघावं, हीच रीत. मारणाऱ्यालाही बंधन आहे. ‘तुला लागली!’ असं त्याने ओरडायचं नाही, सूड म्हणून पुन्हा गोळ्या ओतायच्या नाहीत, हुज्जत तर नाहीच. तक्रार असेल तर मैदानावरच्या पंचाला सांगायची. तो त्या खेळाडूच्या जवळपास उभा राहून पुढचा डाव पाहतो.